पावसात ये बघायला

वाचकाचं पत्र:

मावशी, नमस्कार. अकरा वर्षं आम्ही बेळगावात भाड्याच्या घरात राहतोय, सध्या अनगोळला. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर, मी शाळेत शिकवते, मुलगी सातवीत. चार घरं बदलून झाली. आता शहापुरात एका गल्लीत जुनं कौलारू घर विकायला आहे. मातीच्या जाड भिंती, पुढे सोपा, मधे माजघर, मागे परडं, परड्यात आड. ऐंशी वर्षांचं तरी असेल. चाळीस लाख सांगतात. घरात एकट्या आजी राहतात, त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं घर. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा गोव्यात, मुलगी गडहिंग्लजला दिलेली. व्यवहार थोरला बघतो. दसऱ्याआधी दोन लाख संचकार, म्हणजे विसार, द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, म्हणतो. बहिणीचं विचारलं तर म्हणाला, "तिचं लग्नात दिलंय सगळं, ती काही बोलणार नाही." सासरे म्हणतात, जुन्या घराबरोबर जुनं देणं येतं, फ्लॅट घ्या. दीर म्हणतो, घ्या आणि पाडून आरसीसी बांधा. मला ते घर आहे तसंच हवंय. दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "बाई, पावसात ये बघायला." मुलानं लगेच विषय बदलला. मी वेडेपणा करतेय का?

अनगोळची एक वाचक

उत्तर:

प्रिय मुली,

वेडेपणा अजिबात नाही. चार वेळा गॅसचा, रेशनचा आणि शाळेचा पत्ता बदललेल्या बाईला आपला पत्ता हवासा वाटणारच. आणि तुला जुनंच घर हवंय यातही मला नवल वाटत नाही. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीआड एप्रिलची दुपार काढलेल्या माणसाला स्लॅबखालचा पंखा पटत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आजींचं आहे. घर विकणाऱ्यांच्या बाजूला बसलेल्या त्या बाईनं घेणाऱ्याला खरं सांगितलं. मुलानं विषय का बदलला, ते तू ओळखलंच आहेस. आता श्रावण चालू आहे, म्हणजे तू नशीबवान आहेस. दसऱ्याच्या उन्हात हे घर सुंदर दिसेल. त्याआधी, पाऊस दोन दिवस धरून राहिला की तिसऱ्या दिवशी जा. न कळवता जाऊ नकोस, आजींना एक फोन कर. बरोबर एक टॉर्च, एक पेचकस आणि एखादा वयस्क गवंडी ने. आरसीसीची कामं करणारा इंजिनिअर नंतर बघू. आधी मातीच्या भिंती बांधलेला, निदान दुरुस्त केलेला माणूस शोध. खानापूर, नंदगड, जांबोटीकडे असे हात अजून आहेत.

घरात शिरण्याआधी गल्लीत उभी राहा. शहरातल्या जुन्या गल्ल्यांतून रस्त्यावर दर काही वर्षांनी थर चढत गेले. घराचा पाया मात्र आहे तिथंच राहिला. ज्या घराला पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचं, त्याला आता एकच पायरी उरलेली दिसते, कुठं तर रस्ताच उंबऱ्याशी आलाय. अशा घरात रस्त्याचं पाणी आत येतं आणि पायाजवळची माती वर्षभर ओली राहते. पायऱ्या मोज. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते भर पावसात पाच मिनिटं नुसतं बघत राहा. वडगाव-शहापूरच्या खालच्या अंगाला बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठवर चढतं हे शेजाऱ्यांना विचार. ऑगस्ट २०१९ मध्ये या घरात पाणी आलं होतं का, हा प्रश्न नेमका याच शब्दांत विचार. तो पुराचा आठवडा बेळगावात कुणी विसरलेलं नाही.

आत गेलीस की भिंतीचा खालचा हात-दीड हात बघ. तिथं पोपडे धरलेत का, मीठ फुटल्यासारखी पांढरी भुकटी आली आहे का, कपाट मुद्दाम भिंतीला लावून ठेवलंय का. कपाट जरा सरकवून बघू का, असं आजींनाच विचार, त्या नाही म्हणणार नाहीत. मग वर बघ. तुळई जिथं भिंतीत शिरते ते टोक सगळ्यात आधी कुजतं, कारण कौल फुटलं की पाणी भिंतीवरून नेमकं तिथंच उतरतं. पेचकसाचं टोक त्या जागी दाबून बघ. चांगलं सागवान टोक आत घेत नाही, हाताला ठणठणीत लागतं. कुजकं लाकूड बिस्किटासारखं आत जातं. बोटांच्या पेरांनी वाजवून पोकळ आवाज येतो का ऐक. भिंतीवरून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी. आढं सरळ आहे का ते परड्यातून बघ. मधे बसलं असेल तर वासे भिंतीला बाहेर ढकलतायत. गवंड्याला ओळंबा लावायला सांग, बाहेरची भिंत किती कलली ते लगेच कळतं.

भिंतीला तडा दिसला म्हणून घाबरू नकोस. जुन्या घराला तडे असतात. तडा जुना आणि थांबलेला आहे की वाढता, एवढं कळायला हवं. कागदाची एक पट्टी तड्यावर आडवी डकव, वर तारीख घाल, महिन्यानं पुन्हा बघ. फाटली नसेल तर ठीक. दसऱ्याला अजून वेळ आहे, पट्टीला तेवढा पुरतो.

हे मी एवढं खोलात का सांगतेय ते ऐक. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसानं भिजलेल्या घराची भिंत कोसळून एका दिवसात सात माणसं गेली. मातीचं घर वाईट म्हणून असं होत नाही. मातीची भिंत कोरडी असली तर शंभर वर्षं उभी राहते, आतून भिजली की बसते. तिला वरून छप्पर, खालून दगडी जोतं आणि बाजूनं पाण्याला वाट, एवढ्या तीन गोष्टी लागतात. त्यातली एक जरी सुटली असेल तरी ती आधी दुरुस्त करायची, मग राहायला जायचं. मुलीला घेऊन पहिला पावसाळा त्या घरात काढण्याआधी हे व्हायलाच हवं. यात मी तडजोड सांगणार नाही.

इथं माझं स्वतःचं सांगते. आम्ही १९९८ मध्ये खानापूरला एक जुनं घर घेतलं. जांभ्या दगडाचं जोतं, वर लाल मातीच्या भिंती. घर घेतल्यावर एका कंत्राटदारानं सांगितलं, बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा मारून टाका, पुढची पंचवीस वर्षं बघायला नको. आम्हाला पटलं. वर ऑइल पेंट लावला, खाली चकचकीत फरशी घातली. दुसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला पोट सुटलं. हात लावला तर गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला, आणि मागची माती कणकेसारखी मऊ. मातीची भिंत पावसाळ्यात थोडी ओल पिते आणि पुढचे आठ महिने ती हवेला परत देते. सिमेंटनं आम्ही तिचं तोंड बंद केलं होतं. फरशीनं जमिनीची ओलही अडली आणि तीसुद्धा भिंतीतच चढली. एका म्हाताऱ्या गवंड्यानं ते सगळं खरवडून काढलं, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. चुना खड्ड्यात भिजवून मुरवला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. तो खर्च पहिल्या खर्चाच्या दुप्पट झाला, पण भिंत अजून उभी आहे.

तेव्हा गिलावा चुन्याचा किंवा मातीचा, रंग चुन्याचा. सोप्यात आणि माजघरात शहाबादी असेल तर ती काढू नकोस, तिच्या सांध्यांतून ओल निघून जाते. आजींनी कुठल्या भिंतीला सिमेंट मारून घेतलंय ते विचार. बहुतेक न्हाणीच्या बाजूला मारलेलं असेल, आणि त्या तुला पावसात दाखवणार आहेत ती जागाही बहुधा तीच असेल.

आता खरं महत्त्वाचं. "तिचं लग्नात दिलंय सगळं."

हे वाक्य आपल्या भागात मी इतक्या घरांतून ऐकलंय की मला त्याचा राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही. लग्नात दिलेल्या दागिन्यांनी मुलीचा घरातला वाटा फिटत नाही. कायद्यात तशी सोयच नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि घर त्यांचं असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे आणि मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित एकत्र मिळकत म्हणून बघितलं तरी २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीनं जन्मापासून हिस्सेदार झाली. वडील ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. कर्नाटकात तर त्याहून आधी, १९९४ मध्ये, लग्न न झालेल्या मुलींना हा हक्क मिळाला होता. आणि एक कलम होतं, तेविसावं. राहत्या घरात कुटुंब राहत असेल तर भावांनी वाटणी मागेपर्यंत मुलीला ती मागताच येत नव्हती. २००५ मध्ये तेही गेलं. हे नेमकं तुझ्यासमोर आहे तसल्या घराबद्दलचं कलम होतं. म्हणजे गडहिंग्लजची बहीण आज "काही बोलणार नाही" असं भावाला वाटतंय, पण उद्या तिनं किंवा तिच्या मुलांनी दावा घातला तर कोर्टात तू उभी राहणार आहेस. भाऊ पैसे घेऊन पुण्यात असेल.

त्याच्या पुढचा प्रश्न तुझ्या पत्रात नाही, म्हणून मी विचारते. घर आजींच्या सासऱ्यांनी बांधलं. त्यांना आजींच्या नवऱ्याशिवाय आणखी किती मुलं? मुली किती? सासरे १९५६ नंतर गेले असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या मुलींचा, म्हणजे या भावांच्या आत्यांचा, वाटाही त्या घरात असू शकतो. आत्या गेल्या असतील तर त्यांच्या मुलाबाळांचा. भावंडांत वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र नोंदणीकृत हवं. तोंडी वाटणी झाली होती, सगळ्यांना माहीत आहे, हे ऐकून घे आणि कागद माग. तहसीलदार कचेरीतली वंशावळ काढायला लाव आणि त्यातल्या प्रत्येक नावाशी बोट ठेवून हा कुठं, ही कुठं, असं विचार.

थोरल्यानं "मग माझा हिस्सा तरी घ्या, बाकीचं बघू" असं म्हटलं तर तिथंच उठ. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा परक्यानं विकत घेतला तर त्याला घराचा एकत्र ताबा मागता येत नाही. वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि त्यात घरच्यांना तो हिस्सा परत विकत घ्यायचाही हक्क असतो. चाळीस लाखांतले काही देऊन तू पुन्हा भाड्याच्याच घरात राहशील.

बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यावं, असं भाऊ सुचवेल. नोंदणी केलं तर ते चालतं. पण मला विचारशील तर तिला खरेदीखतात विकणारी म्हणून उभी कर आणि तिच्या वाट्याचा चेक तिच्याच नावे दे. कायद्यानं ते भक्कम आहेच. शिवाय तुला त्या घरात रोज चूल पेटवायची आहे. एका बाईचा वाटा गिळून उभ्या राहिलेल्या घरात तुला सुखानं झोप लागणार नाही, हे मला तुझ्या पत्रावरून कळतंय. वारसांत कुणी अठरा वर्षांखालचं असेल तर त्याच्या वाट्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. नुसती आईची सही चालत नाही.

कागदपत्रांचं आपल्या भागात आणखी एक आहे, जे पुण्या-मुंबईच्या वकिलाला सांगूनही समजत नाही. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. मग मुंबई राज्यात गेलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात. तेव्हा आजींच्या ट्रंकेत या एकाच घराचे कागद तीन लिप्यांत सापडले तर नवल वाटून घेऊ नकोस. सर्वांत जुना मोडीत, मधला बाळबोधीत किंवा इंग्रजीत, आणि अलीकडचे सगळे कन्नडमध्ये. माणूस तोच, पण मोडीत कृष्णाजी, मराठीत कृष्णा, कन्नड उताऱ्यावर कृष्णप्पा. आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. तुला आणि मला हे एकच माणूस म्हणून कळतं, पण बँकेला आणि सब-रजिस्ट्रारला कळत नाही. ही नावं खरेदीच्या आधी, विकणाऱ्यांच्या खर्चानं, प्रतिज्ञापत्र करून जुळवून घ्यायला लाव. खरेदी झाल्यावर ते काम तुझ्या गळ्यात पडेल आणि तेव्हा सही करायला गोव्याहून कुणी येणार नाही.

सिटी सर्व्हेचा उतारा काढ आणि त्यावरचं क्षेत्र फीत धरून घराशी ताडून बघ. परडं उताऱ्यात आहे का? आड आहे का? परड्यातून मागच्या बोळात जाणारं दार खरंच हक्काचं आहे, की शेजाऱ्यानं चाळीस वर्षं काही म्हटलं नाही म्हणून चाललंय? शेजारच्या घराशी भिंत सामाईक आहे का, त्यांच्या कौलांचं पाणी तुझ्या अंगणात पडतं की तुझं त्यांच्याकडे? हे सगळं चतुःसीमेत नीट लिहून घे. महापालिकेचं ई-खातं, म्हणजे मिळकतीची संगणकीय नोंद, झालंय का ते आजच विचार, आता त्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि वारसांची नावं चढलेली नसतील तर तिथंच दोन-चार महिने जातात. थोरल्याच्या दसऱ्याच्या घाईचं खरं उत्तर बहुधा इथंच मिळेल.

तुझे सासरे म्हणतात, जुन्या घराबरोबर जुनं देणं येतं. त्यांना म्हातारपणाची भीती म्हणून बाजूला सारू नकोस. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. घरावर बोजा, म्हणजे कर्ज किंवा गहाण, असेल तर तो घराबरोबर तुझ्याकडे येतो. बोजाचा दाखला नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतो, पण तिथं २००४ पासूनच्या नोंदी आहेत. ऐंशी वर्षांच्या घराला तेवढं पुरत नाही. त्याआधीचा शोध सब-रजिस्ट्रार कचेरीतल्या जुन्या वह्यांतून घ्यावा लागतो. तीस वर्षं तरी मागे जा. पतसंस्थेकडे किंवा सोसायटीकडे कागद ठेवून उचललेलं कर्ज दाखल्यावर दिसेलच असं नाही, म्हणून मूळ खरेदीखत डोळ्यानं बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. झेरॉक्स दाखवून "मूळ पुण्याला आहे" म्हणाले तर पुण्याहून येऊ दे. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल यांची थकबाकी बघ. सोप्यातली एखादी खोली कधी भाड्यानं दिली होती का, तेही विचार. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. हे सगळं झाल्यावर वकिलाकडून इथल्या एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस दे. हे तू तुझ्या सासऱ्यांना बरोबर घेऊन कर. त्यांना कचेऱ्यांची माहिती असेल, आणि "देणं नाही" हे त्यांनी स्वतः बघितलं की घरातला विरोधही मावळेल.

खरेदीखत कन्नडमध्ये होईल. तुला कन्नड बोलता येत असेल, वाचताही येत असेल, तरी सही करण्याआधी दोन दिवस मसुदा घरी आण आणि कुणाकडून तरी ओळ न् ओळ मराठीत वाचून घे. आजींनाही तशीच वाचून दाखवायला लाव. त्यांची सहीसुद्धा समजून झालेली हवी.

दिराबद्दल थोडक्यात. पाडून बांधायचं म्हटलं की नवी परवानगी, आणि नव्या परवानगीला रस्त्यापासून आणि बाजूंनी जागा सोडणं आलं. अरुंद गल्लीतल्या जागेत ती सोडल्यावर हातात काय उरेल ते त्याला कागदावर आखून दाखवायला सांग. शिवाय सामाईक भिंत असेल तर तुझं घर पाडलं की शेजाऱ्याच्या घराचा आधार जातो. रस्ता रुंदीकरणाच्या आखणीत ही गल्ली येते का ते बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यात आणि महापालिकेत बघून घे. येत असेल तर किंमत तशी बोल. आणि हो, दुसरं एखादं घर कॅम्पात सुचवलं तर जपून. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या जुन्या बंगल्यांची जागा पुष्कळदा संरक्षण खात्याची असते, विकणाऱ्याकडे फक्त वरचं बांधकाम असतं.

पैशांचं. चाळीस लाख ही घराची किंमत झाली, खर्च वेगळा. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि अधिभार, आणि नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालंय. मिळून तीन लाखांच्या वर जातात. वायरिंग जुनं असेल, अर्थिंग नसेल, ते सगळं नवीन करावं लागेल. छपराची कौलं-रिपा, ओल, न्हाणी-संडास यांना माझ्या अंदाजानं पाच-सहा लाख बाजूला हवेत. ते धरून झेपत असेल तरच पुढे जा, आणि ते आकडे दाखवूनच किंमत खाली आण. बँक जुन्या मातीच्या घराला कर्ज द्यायला कुरकुरते, म्हणून संचकार देण्याआधीच बँकेचा माणूस घर बघून जाऊ दे. बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो. तुझा वकील वेगळा असू दे. थोरला काही रक्कम रोख मागेल. २० हजार किंवा त्यापुढची रक्कम घराच्या व्यवहारात रोख घेणं कायद्याला धरून नाही, हे त्याला शांतपणे सांग. रोख घेणाऱ्यालाच तेवढा दंड बसतो.

संचकार द्यायचाच झाला तर सगळ्या वारसांच्या सह्या झाल्यावर, चेकनं, लेखी करारावर. त्यात एक ओळ घालून घे की कागद साफ निघाले नाहीत तर रक्कम पूर्ण परत. दुसरं गिऱ्हाईक असेलही. त्यालाही याच सगळ्या कागदांतून जायचंय. घर हातचं गेलं तर तुला वाईट वाटेल, मला माहीत आहे. तरीही दोन लाख आत्ता देऊ नकोस.

आणि आजी. त्या कुठं जाणार आहेत, ते तुझ्या पत्रात नाही. पुण्याच्या मुलाकडे जाणार असतील, आणि आनंदानं, तर फारच छान. पण पावसात जाशील तेव्हा मुलगा नसताना त्यांना एकदा विचार की त्यांना काय वाटतं. त्या घरात त्यांचाही वाटा आहे, मुलांइतकाच. त्यांना दिवाळीपर्यंत किंवा उन्हाळ्यापर्यंत राहायचं असेल तर करारात तशी मुदत घाल. तुझ्याही दुरुस्तीला उन्हाळाच सोयीचा. भिंती उघड्या करून वाळवायला मार्च ते मे याहून बरे महिने नाहीत.

या रविवारी पाऊस असो नसो, गडहिंग्लजला जाऊन ये. संकेश्वरहून जवळच आहे, सकाळी निघालीस तर संध्याकाळी परत. नवऱ्याला घेऊन जा, भावांना सांगून जा, पण त्यांना बरोबर नेऊ नकोस. बहिणीला घराबद्दल विचारण्याआधी त्यांच्या आत्या किती आणि त्या कुठं दिल्या, ते विचार. माहेरच्या आत्यांची नावं, गावं भावांपेक्षा बहिणीलाच जास्त नीट ठाऊक असतात. वंशावळीचा कोरा कागद आणि पेन पिशवीत असू दे. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
मावशी